हौसाची कोरडी पट्टी

फार फार मागे, बोरवंडची नदी बारमाही वाहायची तेव्हा, गावात हौसा नावाची बाई होती. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. नजर सदा मातीवर. पण मातीत एकदा पाहिलेलं पाऊल ती जन्मभर विसरत नसे. वाऱ्याने पुसलेलं पाऊलही तिला दिसायचं, असं म्हणतात.

गाय हरवली की लोक तिच्या दारात यायचे. गाय मिळाली की म्हणायचे, "अगं, तोंडाकडं बघ की जरा! आम्ही काय वाघ हाय?"

"तिनं वळखलंय तुमाला," तिची भावजय गोजरा चुलीपुढून म्हणायची. "बसा की घटकाभर तिच्याजवळ."

बसायचं मात्र कुणीच नाही. सांगून सांगून गोजरा थकली होती. संध्याकाळी हौसा गल्लीभर फिरायची, एकेका पावलाशी वाकून हळूच नाव घ्यायची. ही तिची गावाशी भेट होती, हे एकट्या गोजराला ठाऊक होतं.

एकदा पाटलाची नात रानात चुकली. हौसाने तिला शोधून आणलं. गावाने हौसाचा मान करायचं ठरवलं. बायकांनी पहाटेच सगळी गल्ली झाडली, शेणाने सारवली, रांगोळ्या घातल्या.

हौसा दारात आली. गल्लीत एकही पाऊल नव्हतं. जणू सारं गाव एका रात्रीत मेलं होतं. ती कान झाकून किंचाळली आणि रानात पळाली.

माग काढणारीचा माग कोण काढणार? माणसं हाका मारून परतली. हाकांनी ती आणखी आत दडेल, हे गोजराने ओळखलं. तिने वहाणा काढल्या. नदीत पाय भिजवायचे आणि रानाच्या कडेपासून घरापर्यंत धुळीत पावलं उमटवत चालायचं, पुन्हा पुन्हा. टाचांच्या भेगांतून रक्त आलं. शेवटी पाय उचलेना, तशी ती ओट्यावर बसली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा टाचेवर कुणाचा तरी तळवा होता. हौसा खाली बसून भेगा चाचपत होती.

"वहिनी," ती मातीकडे बघत म्हणाली.

गोजराने पाय तसाच राहू दिला.

गोजराची ती पावलं पुढच्या पुरातही पुसली गेली नाहीत, असं म्हणतात.

आजही बोरवंडात सणाला अंगण सारवताना दारापुढे पाऊलभर रुंद पट्टी कोरडी सोडतात. घरातलं प्रत्येक माणूस तिथे अनवाणी पाऊल उमटवतं. आणि कुणी मान खाली घालून एकटं बसलं असेल, तर त्याला 'वर बघ' असं म्हणत नाहीत. शेजारी जाऊन बसतात.