मोठ्या डब्याची वाट

एका गावात एक निवृत्त प्राध्यापक राहत होते. त्यांना एक हार्ड डिस्क विकत घ्यायची होती, आणि ती आज घ्यावी की थोडे थांबावे हे काही केल्या त्यांना ठरवता येत नव्हते.

त्यांचे नाव हुपरीकर. छत्तीस वर्षे त्यांनी कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवले होते. आवाज कसा जन्मतो, कसा पसरतो, कसा विरतो, हे त्यांना इतके ठाऊक होते की दाराची कडी वाजली तरी ती किती वेळ घुमली हे ते मनात मोजत बसत, आणि तोवर आलेला माणूस परत जाई.

त्याच गावात तंबोरे बनवणाऱ्यांची एक गल्ली होती. गल्लीच्या टोकाला दस्तगीरभाईंचे दुकान. वय पंचाहत्तर. तंबोरा घडवणारे गल्लीत दहा जण होते, पण जवारी काढावी ती दस्तगीरभाईंनी, असे लांबलांबचे गवई म्हणत. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक सपाट घोडी बसवलेली असते आणि तारा तिच्यावरून जातात. त्या घोडीचा माथा कानशीने केसाकेसाने घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. एका क्षणी तार नुसती वाजायची थांबते आणि आत भुंगा कोंडल्यासारखी गुणगुणू लागते. तीच जवारी. कानशीचा एक हात कमी पडला तर तार मुकी, एक हात जास्त झाला तर कर्कश. याला माप नाही. कान हेच माप.

एके दिवशी दस्तगीरभाईंची मुलगी मेहरून हुपरीकर सरांच्या घरी आली. चाळिशीची बाई, बोटांना रोगणाचा वास.

"सर, अब्बांचं सगळं काम मला येतं," ती म्हणाली. "भोपळा कापते, दांडी जोडते, रोगण लावते. जवारी तेवढी येत नाही. ते शिकवतात म्हणजे काय करतात? 'ऐक' म्हणतात. मी ऐकेपर्यंत ती पुढं गेलेली असते. तुमच्याकडं आवाज धरून ठेवायची यंत्रं आहेत म्हणे. अब्बांच्या जवाऱ्या धरून ठेवा. मी सावकाश, मागंपुढं करून ऐकीन. त्यांच्यामागं ही विद्या जायला नको."

सरांचे डोळे भरून आले. आयुष्यभर जे शिकवले त्याचा कुणाला तरी उपयोग होणार होता. ते तिच्याबरोबरच दुकानात गेले. दस्तगीरभाईंनी सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, "करा की सर. कान माझा, डबा तुमचा."

डबा म्हणजे हार्ड डिस्क. तिथेच घोटाळा सुरू झाला.

सरांनी हिशेब मांडला. चार माइक, दोन कॅमेरे, आवाज जराही न दाबता. एका जवारीला शंभर गिगाबाइट. वर्षाला पन्नास जवाऱ्या. तीन वर्षे तरी रेकॉर्ड करायला हवे. म्हणजे पंधरा हजार गिगाबाइट, अर्थात पंधरा टेराबाइट. गावात धनपाल चौगुले नावाचा सरांचा जुना विद्यार्थी कॉम्प्युटरचे दुकान चालवत होता. त्याच्याकडे सर्वांत मोठी डिस्क होती आठ टेराबाइटची.

"मग दोन घ्या ना सर," धनपाल म्हणाला.

"एका माणसाची विद्या दोन डब्यांत? उद्या एक हरवला तर अर्धा माणूस शिल्लक राहायचा."

"मग सध्या एक घ्या. ती भरली की बघू."

पूर्वी एकदा सरांनी अशीच घाईने डिस्क घेतली होती, आणि पंधरा दिवसांत त्याच किमतीत दुप्पट जागेची मिळू लागली होती. ते शल्य अजून गेले नव्हते. धनपालला गुरुजींशी खोटे बोलवेना. तो म्हणाला, "तसं पाहिलं तर दिवाळीला बारा टेराबाइटची येणार आहे."

"मग दिवाळीच बरी," सर म्हणाले, आणि त्यांना फार हलके वाटले.

घरी आल्यावर सरांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या, "लग्नाच्या वेळीसुद्धा तुम्ही म्हणत होतात म्हणे, पुढच्या वर्षीच्या मुली बघून मग ठरवू. वन्संनी दटावलं म्हणून मी या घरात आले."

दिवाळी आली, बारा टेराबाइटची डिस्कही आली. पण मधल्या काळात सरांनी अधिक बारकावा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल वाचले होते. घोडीवरची कानशीची रेघ न् रेघ दिसायला हवी, तर तसलेच कॅमेरे हवेत. मग एका जवारीला दीडशे गिगाबाइट. मग बारा कुठे पुरणार? आणि धनपाल म्हणत होता, गुढीपाडव्याला सोळा येईल.

सरांनी आलेख काढला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर त्याच पैशात मिळणारी जागा. रेषा सुंदर वर चढत होती. आता प्रश्न एवढाच, की तिच्यावर कुठे बोट ठेवून म्हणायचे, 'इथे घेऊ'? जिथे बोट ठेवावे, तिथून थोडे पुढे अधिक जागा दिसे. हजारो मुलांना आलेखाचे शिखर शोधायला शिकवलेल्या माणसाला शिखर सापडेना, कारण रेषेला शिखरच नव्हते. कोणत्याही एका दिवशी थांबणे शहाणपणाचेच ठरत होते. मग सगळे शहाणे दिवस एकत्र केले की काही तरी चुकल्यासारखे का वाटते, हे सरांना उमगेना. त्यांनी आलेख पुन्हा काढला. तो पुन्हा तसाच आला.

ते अधूनमधून दुकानात जात. दस्तगीरभाई म्हणत, "सर, काल एक फार गोड निघाली. तुम्ही पायजे होता."

"आता थोडंच राहिलंय, दस्तगीरभाई. डबा आला की सगळ्या नीट घेऊ."

"ती गेली की, सर. गिऱ्हाईक घेऊन गेलं तंबोरा."

त्या साली भीमाकाठचे भोपळे लहान आले होते. कोपऱ्यात त्यांची रास पडली होती. सरांनी विचारले, "मोठ्या भोपळ्यांसाठी तुम्ही पुढच्या सालापर्यंत थांबत नाही?"

"भोपळा बघून तंबोरा ठरवायचा, सर. तंबोरा ठरवून भोपळा हुडकत बसलो तर दुकानात टांगू काय? माझा पायजमा?"

सरांना ते फार आवडले. त्यांनी ते वहीत लिहूनही घेतले. पण घरी जाताना त्यांच्या मनात आले, भोपळे काही दरवर्षी दुप्पट होत नाहीत. म्हणजे ही उपमा इथे लागू पडत नाही. की पडते? ते चौकात थोडा वेळ उभे राहिले आणि मग भाजी न घेताच घरी गेले.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात एक गोष्ट घडली. एका गायिकेने दस्तगीरभाईंचा तंबोरा परत पाठवला. सोबत निरोप होता, 'आवाज टोचतो. जवारी पुन्हा काढून द्यावी.' साठ वर्षांत दस्तगीरभाईंचा तंबोरा कधी परत आला नव्हता. दोन आठवड्यांनी आणखी एक आला.

मेहरून सरांकडे धावत आली. "सर, अब्बा घासतच राहतात. तार बोलत नाही म्हणतात, म्हणून आणखी घासतात. त्यांना काय झालंय?"

काय झाले होते ते सरांना त्याच क्षणी कळले. म्हातारपणी कानाला आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. जाड स्वर शेवटपर्यंत राहतात. आणि जवारी म्हणजे तर सगळा त्या बारीक स्वरांचाच खेळ. हे ते दरवर्षी वर्गात शिकवत होते. परीक्षेत विचारत होते. डिस्क किती वेगाने वाढते याचा त्यांनी आलेख काढला होता. कान किती वेगाने कमी होतो याची रेषा त्याच कागदावर काढायला हवी, हे त्यांना सुचले नव्हते.

ते तडक धनपालच्या दुकानात गेले. "सोळाची दे."

धनपाल त्यांच्या भल्यासाठी म्हणाला, "सर, एवढे थांबलात, तर दसऱ्यापर्यंत थांबा. वीसची येतेय. भाव हाच."

सरांचा एक पाय दुकानाच्या पायरीवर होता आणि एक रस्त्यावर. वीस! वीसमध्ये नवे कॅमेरे धरूनही बरेच मावले असते. दसऱ्याला दोन महिने. दोन महिन्यांत कान आणखी किती जाईल? त्याचा हिशेब कसा करायचा? मागून एक स्कूटरवाला ओरडला, "आजोबा, आत तरी व्हा, नाही तर बाहेर तरी!"

सर आत झाले. त्यांनी सोळाची डिस्क घेतली, आणि घरात होते तेच जुने कॅमेरे घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाईंच्या दुकानात हजर झाले.

माइक लागले. कॅमेरे लागले. दस्तगीरभाईंनी परत आलेल्या तंबोऱ्यावर नवी घोडी बसवली. कानस फिरली. तार वाजली. मान हलली, नाही. पुन्हा कानस, पुन्हा तार. मेहरून त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती. एकदा ती एकदम ताठ झाली. तिचा हात थोडा वर आला, आणि पुन्हा मांडीवर गेला. दस्तगीरभाईंनी कानस फिरवली. मग आणखी एकदा, आणि आणखी एकदा.

सरांच्या समोरच्या पडद्यावर आवाजाच्या रेषा उमटत होत्या. वरच्या, म्हणजे बारीक स्वरांच्या रेषा एकदा कारंज्यासारख्या उसळलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि मग त्या वेड्यावाकड्या झाल्या. पण सरांच्या स्वतःच्या कानाला काहीच फरक कळला नव्हता. आपलेही वय बाहत्तर. माइक नीट लावला नसेल. पडदा चुकत असेल. ते रुमालाने पडद्याची काच पुसू लागले.

"बोलली का?" दस्तगीरभाईंनी विचारले.

मेहरूनने सरांकडे पाहिले, सरांनी पडद्याकडे.

"मेहरून, तुला विचारतोय."

"बोलली होती, अब्बा. तीन हातांआधी."

दस्तगीरभाईंनी कानस खाली ठेवली. "तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तुम्हाला कोण थांबवणार, अब्बा?"

ते घोडीवरून अंगठा फिरवत राहिले. मग सरांकडे वळले. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे सरांना अधिकच बसवेना.

"सर, एक विचारू? मला तुमचं शास्त्र कळत नाही. पहिल्या दिवशी त्या चौगुलेच्या दुकानात जो डबा होता, त्यात माझ्या किती जवाऱ्या मावल्या असत्या?"

दीडशे जवाऱ्यांना तो डबा पुरत नाही, हे सरांना पाठ होते. त्यात किती मावतात, हा हिशेब त्यांनी दोन वर्षांत कधी केलाच नव्हता. तो त्यांनी आता केला. एका ओळीचा होता.

"ऐंशी," ते म्हणाले.

"ऐंशी!" दस्तगीरभाई म्हणाले. "माझा बाप गेला तेव्हा मी त्याच्या अकराच ऐकल्या होत्या, तेवढ्यावर शिकलो."

क्षमा मागावी, की कारणे सांगावी, की आपण तेव्हा खरोखरच चुकलो होतो का हे आधी तपासावे, हे सरांना कळेना. त्यांना इतकेच दिसत होते की प्रत्येक पायरी बरोबर होती, आणि जिना खाली गेला होता.

दस्तगीरभाईंनी बिघडलेली घोडी काढली आणि दुसरी घेतली. "हात अजून माझा आहे," ते मेहरूनला म्हणाले. "कान आजपासून तुझा. मी घासतो. बोलली की थांब म्हण. मोठ्यानं म्हण. बापाला थांबवायला लाजू नकोस."

"आणि चुकून लवकर म्हटलं तर?"

"तर आणखी एक हात मारू. उशिरा म्हटलंस तर मात्र घोडी गेली."

त्यांनी कानस उचलली. सर घाईघाईने कॅमेऱ्यापाशी गेले. कोन जरासा चुकला होता. मेहरूनचा चेहरा अर्धाच दिसत होता, आणि आता तर तिचाच चेहरा महत्त्वाचा होता. दिवा थोडा डावीकडे घेतला तर? की तिलाच तिथून उठवावे? घरून दुसरा माइक आणता आला असता. त्यांनी हात वर केला. "एकच मिनिट, दस्तगीरभाई. हे जरा नीट..."

"सर," मेहरून म्हणाली, नजर घोडीवरून न हलवता, "बटण दाबा."

सरांनी बटण दाबले. कानस फिरली, तार वाजली, आणि मेहरून ऐकू लागली.

तात्पर्य: सगळे मावेल असे भांडे मिळेपर्यंत थांबू नये. आज समोर आले आहे तेवढे मावत असेल, तर आजचे भांडे पुरेसे आहे. भांडी वर्षागणिक मोठी होत जातात, पण त्यांत ओतणारे हात आणि कान वर्षागणिक थकत जातात.