हा शेअर विकतंय कोण?

"घसा फोडून सांगतेय, हा माणूस आपल्याला बुडवणार, पण एकीचाही माझ्यावर विश्वास बसत नाही!" तान्हूबाई खताळ भर सभेत कडाडली. बचत गटाच्या बायका उलट तिच्यावरच खेकसल्या. शेवयांच्या मशीनसाठी साठवलेला पैसा दुप्पट करायला म्हणून आज एका शेअरमध्ये जाणार होता. शेअर बाजार शिकवायला आलेले धनंजय फडतरे सर आपला फोन मोठ्या पडद्याला जोडून भाव दाखवत होते.

"नवशिक्यांनी बिनधास्त विचारावं," सर म्हणाले.

"विचारते की! लोणंदच्या बाजारात शेळी घेताना आम्ही आधी विचारतो, का विकतोस रं बाबा? तसा हा शेअर आम्हाला विकतंय कोण?"

"विकणारे हजार असतात, बाई."

"उद्या दुप्पट होणारी चीज आज विकणाऱ्याला काय म्हणायचं?"

सर खो खो हसले. "महामूर्ख!"

"तुम्ही नाही ना विकत?"

"मी? छे!"

"मग तुमचे आजचे सौदे लावा पडद्यावर."

सर चाचरले. आता अध्यक्षीणबाईच म्हणाल्या, "लावा की. त्याशिवाय मी चेकवर सही करायची नाही."

या बायकांना काय वाचता येणार, असं वाटून सरांनी बोट टेकवलं. पडद्यावर तोच शेअर, सकाळपासून विकलेला, ओळीखाली ओळ.

"मूर्ख कसला, लबाड आहे हा!" तान्हूबाई गरजली. "आपल्या गळ्यात घालून स्वतः मोकळा होतोय. वाचा गं, वर नाव काय लिहिलंय?"

सगळ्या एका सुरात ओरडल्या, "धनंजय फडतरे!"