मालक बाहेर

आंबेघरच्या दूधसंघात दूध थंड ठेवणारा, इंटरनेटला जोडलेला नवा कूलर निवडायला सभा भरली. संघाची तंत्रज्ञ मृण्मयी शेलार म्हणाली, "खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा घेऊ. कोड कुणालाही वाचता येतो, बिघाड आपणच काढू."

कूलर विकायला आलेल्या कंपनीचे बडे साहेब चंद्रहास दिवेकर हसले. "खुला कोड म्हणजे उघडं घर! आमचा कोड गुप्त. चोराचा बापही आत शिरणार नाही."

तेवढ्यात कळलं, संघातला त्यांच्याच कंपनीचा जुना कूलर रात्रीच बंद पडला होता. साहेबांनी घाईने ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, "सोमवारी बघू."

मृण्मयी म्हणाली, "साहेब, चोर शिरत नाही हे खरं. पण इथे मालकही बाहेरच उभा आहे!"

सभा खदखदा हसली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मृण्मयीचा ठराव मंजूर. साहेबांना चहा द्या रे, कोराच. दूध नासलंय."