तिसऱ्या हाकेचा मान

एकदा एका शिष्येने आपल्या वृद्ध वैद्यगुरूंना हाक मारली, आणि ओ आली नाही. तिला खटकलं, आणि लगेच, का कोण जाणे, बरंही वाटलं.

त्या गावात माणसाचा मान हाकांवर मोजत. पहिल्या हाकेला गडी ओ देई, दुसऱ्या हाकेला दुकानदार. शेजारचे सराफ तर तिसऱ्या हाकेशिवाय झोपाळ्यावरून हलत नसत. मग वरच्या खोलीतून अंथरुणाला खिळलेली त्यांची आई का हाक मारीना. गुरुजी मात्र भाजीवालीने साद घातली, तरी औषधाने माखलेल्या हातांनी "ओ, आलो!" म्हणत धावत. काल सराफ सर्वांदेखत हसले होते, "काय वैद्यबुवा, कुणाकडे गडी म्हणून लागलात की काय?" शिष्येची मान खाली गेली. घरी येताच तिने विनवलं, "माझ्यासाठी तरी थोडं थांबत जा ना, गुरुजी." ते नुसते हसले होते.

म्हणजे आज ऐकलं त्यांनी! तिने दुसरी हाक मारली. शांतता. रागावले असतील का? की डोळा लागला? तिसरी. तिलाही ओ नाही. आणि चौथ्या हाकेचं काय करायचं, हे तर गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी ते विहिरीवर गेले होते... ती धावली. काठाशी वहाणा होत्या, माणूस नव्हता.

"गुरुजी!"

"ओ, आलो!" शेवग्यामागून ते आले, चेहरा उतरलेला. "तिसरीपर्यंत कसाबसा दम धरला गं. पुन्हा नको सांगूस."

"पण मला वाटलं तुम्ही..." रडावं की भांडावं, तिला कळेना.

"पहिल्या हाकेनंतर काय वाटलं होतं?"

"अभिमान."

"आणि तिसरीनंतर?"

तिने नुसतं विहिरीकडे पाहिलं.

"दोन हाकांमधला वेळ आपला नसतो, पोरी. हाक मारणाऱ्याच्या काळजाचा असतो. तो अडवून धरला की माणूस उंच दिसतो खरा. मला नाही जमत."

तिला पुरतं उमगलं नाही. मग सराफांना कसं जमतं? तेवढ्यात भिंतीपलीकडून क्षीण आवाज आला, "अरे, कोणी आहे का?" झोपाळा करकरत राहिला. "अरे, कोणी..." तिचे पाय घुटमळले. परक्याच्या घरात, न विचारता? सराफ काय म्हणतील? पण आवाज तिसऱ्यांदा उठायच्या आत तिच्या तोंडून निघून गेलं,

"ओ आजी, आले!"