एकही रक्तदाता नाही

“आता यात आणखी काय सोपं करायचं राहिलंय, महाराज?”

निनादने लॅपटॉप भानुगिरींच्या पुढ्यात सरकवला.

टेकडीवरच्या या मठाकडे तालुक्यातल्या रक्तदात्यांची नोंद होती. दवाखान्याने रक्तगट टाकायचा, की नावं समोर. जुना कोड मठाच्या एका ट्रस्टीने लिहिलेला. प्रश्नाच्या पोटात प्रश्न, त्याच्या पोटात तिसरा, आणि शेवटी कंसांचा नुसता उतरता जिना. निनादने तो मुळासकट उपटला होता.

“हे बघा. एक ओळ. डेटाबेसला विचारायचं आणि अवेट म्हणायचं. उत्तर येईस्तोवर ही ओळ थांबते, बाकीची कामं चालू राहतात. म्हाताऱ्यांना हे सुचलंच नाही कधी.”

महाराजही म्हातारेच. छाटी पांघरण्याआधी अर्धं आयुष्य पुण्यात कोड लिहिण्यात घालवलेलं. निनादला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. जुनी खोडं, नवीन काही शिकायची नाहीत, शिकवायला मात्र पुढं.

“ओ निगेटिव्ह शोध,” महाराज म्हणाले.

निनादने टाकलं. पडद्यावर अक्षरं उमटली. ‘एकही रक्तदाता नाही.’

“बघा, झटक्यात!”

महाराजांनी छाटी बाजूला सारली. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी.

“सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरनाही हेच दिसलं. बाळंतीण होती. मी डोळे दाखवायला तिथं गेलो होतो, म्हणून…”

“पण तुमचं नाव आहे की यात! मीच भरलंय.”

“मग?”

निनादची बोटं भराभर चालली. मग थांबली.

“लाइन तुटलीय पहाटेपासून. डेटाबेस बोलतच नाहीये.”

“आणि तुझी ओळ?”

“तिनं… एरर गिळला. चूक दाखवायच्या ऐवजी रिकामी यादी पुढं केली.”

“हे तिला कुणी शिकवलं?”

“मीच. एररची लाल अक्षरं दिसली की तुमचे ट्रस्टी बोंबलत सुटतात. म्हटलं, स्वच्छ दिसू दे.”

…

“बाई कशा आहेत?” निनादने विचारलं.

“शुद्धीवर आल्या. मुलगी झाली.”

या कामाशिवाय निनादकडे दुसरं काही नव्हतं. कॉलेजने हाकललेला, घरच्यांनीही टाकलेला.

“मला काढताय का, महाराज?”

महाराज गप्प.

…

खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरला तरी महाराज गप्पच.

निनादने लॅपटॉप मिटला, सॅकमध्ये कोंबला आणि तो उठला.

“सरळ तोंडावर सांगायचं होतं ना. सगळे म्हातारे सारखेच.”

तो उंबऱ्यापाशी पोचला.

“कुठं निघालास?”

“तुम्हीच नको म्हणालात.”

“मी?”

“म्हणजे… बोलला नाहीत. त्यावरून मी…”

तो तिथंच थिजला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

…

मग परत आला. खाली बसला. लॅपटॉप उघडला आणि ती एक ओळ बराच वेळ बघत राहिला.

“महाराज, उत्तरच आलं नाही तर… पडद्यावर काय लिहू?”

“उत्तर आलं नाही, असं लिही. आणि खाली तुझा फोन नंबर.”