भोपळगडचं नाव मोकळं झालं

भोपळगडच्या प्रचंडराव महाराजांचं नाव गेलं! अब्रू नव्हे हो, तिची कुणाला काळजी नव्हती. गेलं ते इंटरनेटवरचं नाव, भोपळगड डॉट राज.

नोंदणीची मुदत संपली, वर महिनाभराची सवलत संपली, दंड भरून नाव सोडवायची वेळही टळली. नाव मोकळं झालं आणि धोंडूशेठ सावकारानं भेळीच्या पैशात ते विकत घेतलं. सकाळी प्रजेनं राजाची साइट उघडली, तर महाराजांच्या जागी धोंडूशेठचा फोटो आणि खाली मूळव्याधीच्या चूर्णाची जाहिरात, शेठच्या घरच्या पत्त्यासकट!

शेठचा निरोप आला, "नाव हवं तर अर्धं राज्य द्या."

शिपाई पाठवावेत, तर 'जो नोंदवेल त्याचं नाव' हा कायदा महाराजांनी स्वतःच केलेला. मग मुदतीची आठवण दिली नाही म्हणून त्यांनी दरबारचा म्हातारा लेखनिक सखोपंत याला धरलं.

"परवा सूर्य मावळायच्या आत नाव परत आलं नाही, तर याची गाढवावरून धिंड काढा आणि घर जप्त करा!"

सखोपंतांची मुलगी येसू पुढं झाली.

"नाव मी आणते, महाराज."

"दमडी मिळणार नाही! शिपाई मिळणार नाही! आणि शेठनं ते आपल्या पायांनी येऊन द्यायला हवं!"

"चालेल. तोवर गाढवाला उपाशी ठेवू नका म्हणजे झालं."

येसू तडक शेठकडे गेली. "शेठ, नाव घेतलंत, झकास केलंत. पण टपाल उघडता ना? त्या नावावर येणारी महाराजांची पत्रं आता तुमच्या पेटीत पडतात. नजराण्याची पत्रं कुणी सोडतं का?"

शेठच्या तोंडाला पाणी सुटलं. ते लगेच पत्रं उघडायला बसले.

पहिलं पत्र, 'पुलाला भोक पडलंय.' दुसरं, 'सरकारी हत्ती माझा ऊस खाऊन गेला.' तिसरी लग्नपत्रिका, 'आहेराची वाट पाहतो.' नजराणा पुढच्या पत्रात असेल, या आशेनं शेठ उघडतच गेले. आणि पत्र उघडलं की पाठवणाऱ्याच्या फोनवर एक शब्द उमटायचा, 'वाचले'.

अकरा वर्षांत भोपळगडात हा शब्द कुणी पाहिला नव्हता! कडबेवाडीच्या भिकूतात्यांनी तर फोनला हळदकुंकू वाहिलं.

"सरकारनं वाचलं रं! चला, पत्ता दिलाय साइटवर!"

संध्याकाळपर्यंत शेठच्या ओसरीवर तीनशे माणसं, नवरदेव, वाजंत्री आणि उरलेला ऊस येऊन पडला.

"वाचलंत ना? मग द्या की भरपाई!"

"अरे, मी राजा नाही!" शेठ ओरडले.

"मग त्याचं नाव कशाला लावलंत?" असं म्हणून गर्दीतल्या शेवंताकाकू थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि भाताचं पातेलं चुलीवर चढवलं. "निकाल लागल्याबिगर हलायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, लोणच्याची शेवटची बरणी संपल्यावर, शेठ पागोट्याविना धावत दरबारात आले.

"घ्या महाराज, नाव घ्या! फुकट घ्या! वर चूर्णाचा डबा घ्या!"

नाव महाराजांच्या नावे झालं. महाराजांनी मिशीवर ताव दिला. "बघितलंत? अकरा वर्षं हे नाव आमच्याकडे होतं, पण तक्रार घेऊन दारात यायची कुणाची छाती झाली नाही. याला म्हणतात दरारा!"

"कसला दरारा?" येसू म्हणाली. "तुम्ही एक तरी पत्र उघडलंत का? जुनी पेटी बघा. नऊ हजार चारशे बारा पत्रं तशीच पडून आहेत. त्यातली सात नोंदणी कचेरीची, 'मुदत संपतेय, नाव जाईल.' माझ्या बाबांनी ती अंगाईसारखी गाऊन दाखवायची होती का?"

महाराजांनी पेटी उघडली, सातही पत्रं मोजली आणि गडगडाटी हसले. इतके, की मुकुट कानावर आला.

"सोडा सखोपंतांना! त्यांना दुप्पट पगार! आणि पोरी, आजपासून आमचं टपाल तू उघडायचंस. पगार प्रधानाइतका!"

"उघडते की," येसू म्हणाली. "पण 'वाचले' दिसलं की माणसं आता इकडंच येतील. मुदपाकखान्यात तीनशे पानांचं सांगून ठेवा."

महाराज पुन्हा हसले, या वेळी जरा जपूनच.