हरबा पाथरवटाची शिळा

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आज्याच्या आज्यालाही जेव्हा शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हा, कुसवण्यात हरबा पाथरवट राहायचा. दगड घडवावा तर हरबानंच, असं म्हणतात. आणि दगडासारखं बसून राहावं तरी हरबानंच, असंही म्हणतात.

गावाच्या कडेनं एक ओढा वाहतो. अरुंद, पण खोल आणि तापट. पलीकडे हरबाची थोरली बहीण वेणूअक्का नांदायची. नवरा गेला, ती एकटी उरली. पावसाळ्याचे चार महिने ओढा तिला गावापासून तोडायचा. म्हणून हरबानं साकव बांधायला घेतला. दोन्ही काठांवर चौथरे उभे केले, वर टाकायला सात हात लांब शिळा घडवली. आता फक्त ती ओढ्यापर्यंत न्यायची. वाटेत पिंपळाखाली जरा टेकवली, घाम पुसला, आणि हात रिकामे राहीनात म्हणून तिच्यावर सारीपाट कोरला.

"दोन डाव खेळू, मग उचलू," हरबा म्हणाला.

ते दोन डाव दहा वर्षं चालले! हसू नका. तुम्हीही कामं टाकूनच ऐकताय, मला काय दिसत नाही?

दहाव्या उन्हाळ्यात अक्का कोरड्या ओढ्यातून उतरून, काठी टेकत पिंपळाखाली आली. मागच्या पावसाळ्यात ती अकरा दिवस तापानं फणफणली होती, आणि अलीकडून कुणी काढासुद्धा पोचवू शकलं नव्हतं. अजून खोकत होती.

"हरबा, साकव कधी रे?"

"उद्या, अक्का," पटावरची नजर न उचलता हरबा म्हणाला.

"बरं. घाई नाही. माझी तिरडी तेवढी त्यावरून ने म्हणजे झालं."

एवढं बोलून ती गेली. हरबाच्या मुठीत कवड्या होत्या. एक दान पडलं की डाव त्याचा. समोर गणपा तेली हरण्याच्या बेतात, कपाळावर घाम. हरबानं मूठ हलवली, हलवली, आणि कवड्या न टाकता कमरेला खोचल्या. सोंगट्या गोळा करून गणपाच्या पदरात ओतल्या.

"अरे, जिंकत होतास की!" गणपा ओरडला.

"म्हणून तर उठतोय. हरलो असतो तर आणखी एक डाव मांडला असता."

हरबानं शिळेखाली ओंडके सरकवले आणि एकटाच ढकलू लागला. पटाभोवती जमलेली मंडळी खदाखदा हसली. पण पटच चालला, आता नुसतं बसून करायचं काय? उठली बिचारी, लागली ढकलायला. शिळा काठाला पोचली तोच वर डोंगरात ढग फुटला, आणि माडाएवढा लोंढा गर्जत आला.

आणि थांबला. असं म्हणतात, कुसवण्याची आळशी मंडळी घाम गाळताना बघून ओढा चाट पडला आणि चालायचं विसरून बघत बसला. बघत बसण्यात वेळ कसा जातो ते तुम्हाला काय सांगायचं! त्याला आपलं काम आठवलं तोवर शिळा चौथऱ्यांवर बसली होती. मग तो मुकाट्यानं खालून गेला, तो आजवर खालूनच जातो.

पलीकडून अक्का आली. मधोमध थांबून पायाखालच्या पटाकडे बघितलं.

"दान कुणाचं रे?"

हरबानं कमरेच्या कवड्या काढून तिच्या हातात ठेवल्या. "तुझं, अक्का."

अक्कानं त्या ओढ्यात भिरकावल्या आणि भावाच्या घरी जेवायला गेली. पुढं सोळा पावसाळे ती या साकवावरून ये-जा करत होती, असं म्हणतात.

अजूनही अक्षय्य तृतीयेला कुसवणेकर साकवावर जमतात. पलीकडून गावची सगळ्यात म्हातारी बाई विचारते, "दान कुणाचं?" मग एकेकानं पटावर पाय ठेवून "माझं" म्हणायचं आणि उद्यावर टाकलेलं एक काम मोठ्यानं सांगायचं. ते होईतो पिंपळाखाली बसायचं नाही.

म्हणून पिंपळाखाली आज कुणी दिसत नाही. गणपा तेल्याचा वंशज दिसेल, पण तो बसलेला नाही. तो उभ्यानंच पेंगतो.